भुताची भीती आणि शेजारचे घर

दिवाळी सरली, हलका धान कापून झाला की झाडीपट्टीतील गावे मंडईच्या तयारीला लागतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. पाहुण्यांनी घरे भरून जातात. अशाच एका मंडईच्या दिवशी भंडारा जिल्ह्यातील दिघोरी येथे काही कुटुंबांसाठी मिस्सा अर्पण करण्यास मी गेलो होतो आणि रात्रीचा मुक्काम तेथेच पडला. वडीलधारी मंडळी नाटकाला गेली. ओसरीवर चार-पाच मुले एका मोबाइलभोवती डोकी टेकवून बसली होती. 'लपाछपी' नावाचा मराठी भयपट ती पाहत होती. मी जवळ जाताच मोबाइल पालथा झाला. अकरावीतील एका मुलाने धीर करून विचारले, "फादर, भुताचा पिच्चर पाहणं पाप आहे काय?"

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर सेमिनरीत शिकलेल्या कोणाही धर्मगुरूला तत्काळ देता आले असते. मीही ते दिले. भूतविद्या, करणी, भविष्यकथन, मंत्रतंत्र यांचा आश्रय घेणे हे पहिल्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. परंतु त्याविषयीची कथा पाहणे म्हणजे तिचा आश्रय घेणे नव्हे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांसंबंधी जो आदेश प्रसिद्ध केला, त्यातही हे स्पष्ट आहे की कलेतून दुष्टतेचे चित्रण झाले तर मनुष्याच्या अंतःकरणाचे अधिक खोल ज्ञान होऊ शकते; मात्र त्या चित्रणाला नीतीचे बंधन हवे. मुलाचे समाधान झाले आणि मोबाइल पुन्हा सुलटा झाला. माझे समाधान मात्र झाले नाही. आपण उत्तर बरोबर दिले, परंतु प्रश्न पुरता ऐकला नाही, ही रुखरुख त्या रात्री मला लागून राहिली. भुताचा चित्रपट पाहणे पाप आहे की नाही, याहून महत्त्वाचा प्रश्न असा आहे की भीती माणसाचे काय करते? भ्यालेला मनुष्य पुढे कोणत्या दिशेला पाऊल टाकतो?

या प्रश्नाचा विचार करताना मला इंग्लंडमधील तीन जुन्या चित्रपटांची आठवण झाली. मायकेल रीव्ह्ज या अवघ्या चोवीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा 'विचफाइंडर जनरल' १९६८ मध्ये आला. पिअर्स हॅगर्ड यांचा 'द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ' १९७१ मध्ये आणि रॉबिन हार्डी यांचा 'द विकर मॅन' १९७३ मध्ये. तिन्ही अल्प खर्चात झालेले. पहिला तर एक लाख पौंडांच्या आत उरकला होता. 'विकर मॅन'मध्ये ख्रिस्टोफर ली या नामवंत नटाने मानधन न घेता काम केले. आणि कथा वसंतातील असताना चित्रीकरण शरद ऋतूच्या थंडीत करावे लागल्याने झाडांना खोटा मोहोर बांधण्यात आला. जवळ पैसा नाही म्हणजे अजस्र राक्षस नाही की डोळे दिपविणारी करामत नाही. मग भय आणायचे कोठून? या मंडळींनी ते नांगरलेल्या शेतातून, ओसाड माळरानातून, गावच्या जुन्या गाण्यांतून, सणांतून आणि मुख्य म्हणजे माणसांच्या चेहऱ्यांवरून आणले. दारिद्र्याने त्यांना सत्याच्या जवळ नेले असेच म्हणावे लागेल. कारण लोककथेतील भय नेहमी तेथेच वसलेले असते.

'विचफाइंडर जनरल' ही कल्पित कथा असली तरी तिचा नायक, खरे तर खलनायक, इतिहासातील आहे. मॅथ्यू हॉपकिन्स हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. १६४५ ते १६४७ या काळात, देशात यादवी युद्ध चालू असताना, तो पूर्व इंग्लंडच्या गावागावांतून चेटकिणी शोधत हिंडला. गावे त्याला त्याबद्दल पैसे मोजीत. त्याच्या शोधापायी शंभराहून अधिक माणसे फासावर गेली असे मानले जाते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांच्यात जॉन लोव्स नावाचा ऐंशीच्या घरातील एक वृद्ध धर्मोपदेशकही होता. त्याला रात्रीमागून रात्री झोपू दिले नाही, पाण्यात टाकून त्याची परीक्षा पाहिली, आणि अखेर थकलेल्या म्हाताऱ्याने सर्व काही कबूल केले. दफनविधीसाठी दुसरा धर्मोपदेशक मिळू दिला नाही म्हणून फाशीपूर्वी त्याने स्वतःच्याच दफनविधीच्या प्रार्थना स्वतः म्हटल्या असे सांगतात. ज्याने आयुष्यभर इतरांसाठी त्या प्रार्थना म्हटल्या, त्याची ती अवस्था वाचून माझ्यासारख्याला गप्प व्हावे लागते.

'विकर मॅन'मध्ये चित्र नेमके उलटे आहे. हरवलेल्या मुलीच्या शोधासाठी एक श्रद्धावान ख्रिस्ती पोलीस अधिकारी स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडील एका बेटावर जातो. तेथील लोक जुन्या देवतांचे पूजक आहेत. सफरचंदाचे पीक बुडालेले आहे आणि देवतांना बळी हवा आहे. शेवटी वेताच्या प्रचंड पुतळ्यात कोंडून त्याला जाळले जाते. तो आत प्रार्थना करीत असतो आणि बाहेर लोक हातात हात घालून आनंदाने गात असतात. या कथेतील एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेटाच्या जमीनदाराच्या आजोबाने मजुरांनी उमेदीने काम करावे म्हणून हा धर्म समजून-उमजून पुन्हा रुजविलेला असतो. आणि मरणाच्या दारात उभा असलेला तो अधिकारी जमीनदाराला बजावतो की पुढच्या वर्षीही पीक आले नाही तर हे लोक तुझाच बळी मागतील.

एका चित्रपटात ख्रिस्ती माणूस जाळणारा व फाशी देणारा. दुसऱ्यात तोच जळणारा. वाचकहो, दोन्ही चित्रपटांत खरे भूत कोठेच नाही. दोहोंत आहे तो संकटाने भ्यालेला समूह आणि त्या समूहाने बोट दाखविलेला एक एकटा मनुष्य. सर्वांसाठी एकाने मरणे हिताचे, असा सल्ला कयफाने दिला होता, तो या दोन्ही गावांनी जसाच्या तसा मानला. चित्रपट पाहणारा ख्रिस्ती असो वा नसो, त्या क्षणी त्याला ठरवावे लागते की आपण कोणत्या बाजूला उभे आहोत.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे भयपट म्हटला की आमच्या पिढीला रामसे बंधू आठवतात. १९७२ मध्ये त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला. महाबळेश्वरला लहानशा चमूनिशी मुक्काम टाकून, घरच्याच माणसांनी दिग्दर्शन, छायाचित्रण अशी कामे वाटून घेऊन तो झाला. पुढे 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८) असे चित्रपट येत गेले. त्या पठडीतील चित्रपटांत भूत पिटाळण्यासाठी कधी त्रिशूळ, कधी क्रूस पुढे केला जाई आणि भूत किंचाळून मागे सरे. आमच्यापैकी कित्येकांना त्याचे गुपचूप समाधान वाटे. आपल्या क्रूसालाही ते भितात तर! परंतु क्रूस हे पिशाचांना भेडसावण्याचे हत्यार नव्हे. त्यावर टांगलेला प्रभू हा स्वतःच समूहाच्या भयाचा बळी आहे. त्याच्याकडे पाहून भुताने किंचाळण्यापूर्वी आपली मान खाली जावयास हवी.

अलीकडील मराठी भयपटांनी मात्र निराळी वाट धरली आहे. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यांनीच २०२१ मध्ये त्यावर 'छोरी' हा हिंदी चित्रपट केला. कथा थोडक्यात अशी : आठ महिन्यांची गरोदर स्त्री पतीसह शहरातून पळून उसाच्या मळ्यात दडलेल्या एका घरी आश्रयाला येते. चहूबाजूंनी ऊस, ना रस्ता दिसत ना माणूस. एक प्रौढ बाई तिची काळजी घेते. घरात भुते आहेत, यात शंका नाही. पण चित्रपट जसजसा पुढे सरकतो तसतसे ध्यानात येते की भीती वाटायला हवी ती भुतांची नव्हे. मुलगी जन्माला येऊ नये म्हणून जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाप करीत आली, त्यांची. मोठा देखावा नाही, खर्चिक चमत्कार नाही. उसाचा मळा आहे आणि त्या मळ्यात दडविलेले एका घराचे पाप आहे.

आणि आपली लोककथा तरी दुसरे काय सांगत आली आहे? बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते. मुंज झालेला मुलगा संसार पाहण्यापूर्वी गेला तर मुंजा होऊन पिंपळावर बसतो. आदित्य सरपोतदार यांनी २०२४ मध्ये 'मुंज्या' त्यावरच रचला. ज्याचे कोणी मागे उरले नाही, ज्याचे उत्तरकार्य झाले नाही, तो समंध होतो. ही सर्व अपुऱ्या राहिलेल्या माणसांची यादी आहे. ज्यांना वेळेवर औषध मिळाले नाही, ज्यांना न्याय मिळाला नाही, ज्यांच्यासाठी कोणी रडले नाही, त्यांना गाव विसरू पाहते आणि विसरू शकत नाही. मरणोत्तर जीवनाविषयीची ही समजूत ख्रिस्तसभा मान्य करीत नाही, हे सांगणे मला कर्तव्य आहे. मृतांचे आत्मे परमेश्वराच्या हाती असतात, पिंपळाच्या झाडावर नव्हे. तथापि त्या समजुतीच्या मुळाशी असलेली टोचणी खोटी आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. आपण नोव्हेंबर महिन्यात परलोकवासी जनांसाठी मिस्सा अर्पण करतो, विशेषतः ज्यांची आठवण करणारे कोणी नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्याच टोचणीला आपण योग्य ठिकाणी नेऊन सोडत असतो.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढत नाही काय? पडद्यावरचे भूत पाहून आलेला मुलगा उद्या गावातील एखाद्या विधवेकडे संशयाने पाहणार नाही कशावरून? ही भीती काल्पनिक नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. अमुक व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे जाहीर करून तिचा छळ करणे हा आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. तरीही २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना खांबांना बांधून मारहाण झाली. आणि २०२४ च्या मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातील बारसेवाडा येथे एका स्त्रीला व एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारण्यात आले. हॉपकिन्स मरून पावणेचारशे वर्षे होऊन गेली. त्याचे काम मात्र आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत अजून चालू आहे.

आणि हे काम केवळ अडाणी लोकांचे आहे असे म्हणून आपण कॅथलिक मंडळींनी हात झटकू नयेत. १४८६ च्या सुमारास चेटकिणी कशा ओळखाव्यात व कशा दंडाव्यात याचा ग्रंथ लिहिणारा हाइनरिक क्रामर डोमिनिकन धर्मगुरू होता. त्याला उत्तर देणारेही आपल्यातलेच निघाले, ही परमेश्वराची कृपा. स्पेनमधील बास्क प्रदेशात १६११-१२ मध्ये अलोन्सो दे सालाझार या धर्मन्यायाधीशाने शेकडो जबान्या तपासल्या आणि निष्कर्ष काढला की चेटकाची चर्चा पोहोचण्यापूर्वी तेथे चेटूकही नव्हते. जर्मनीत फ्रीडरिक श्पे या येशूसंघीय धर्मगुरूने १६३१ मध्ये स्वतःचे नाव न घालता ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निर्भीडपणे विचारले की इतक्या यातना दिल्यावर कोण कबुली देणार नाही? पुढे प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता तो मरण पावला. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या मंदिरात सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या मुलांकडून झालेल्या जुलमाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती क्षमा मागताना त्यांनी माझ्यासाठीही मागितली, असे मी समजतो. का, ते सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी मी साहाय्यक धर्मगुरू होतो. एका घरचा लहान मुलगा तापाने फणफणला होता. घरच्यांनी मला बोलाविले. मी प्रार्थना केली, घरात आशीर्वादित पाणी शिंपडले. मुलाच्या आजीने म्हटले, "फादर, या भिंतीवरही थोडं शिंपडा." मी शिंपडले. ती भिंत शेजारच्या घराला लागून होती आणि त्या घरी एक विधवा एकटी राहत असे. आजीने ती भिंत का दाखविली हे मी विचारले नाही. खरे सांगायचे तर मला अंदाज आला होता. वाद नको म्हणून मी विचारले नाही. मुलाला सरकारी दवाखान्यातून हिवतापाच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. तो बरा झाला. गावाने मात्र हिशेब असा मांडला : फादरच्या पाण्याने उतार पडला, अर्थात करणी होती; पाणी त्या भिंतीवर पडले, अर्थात करणी तिकडून होती. कोणी तिला मारले नाही. तिच्याकडे कोणी पाणी मागेनासे झाले, तिच्या दारावरून मुले धावत जाऊ लागली. वर्षभराने ती भावाच्या गावी निघून गेली ती परतली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिचे छप्पर बसले.

भूत काढण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूने करू नये असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मी तो नियम मोडला नव्हता. मी त्या बाईला दगड मारला नव्हता, शिवीसुद्धा दिली नव्हती. मी केवळ एका भिंतीवर पाणी शिंपडले आणि गप्प राहिलो. हॉपकिन्सला गावे पैसे देत. मला त्या आजीने चहा दिला. पापाचे माप निराळे असेल, परंतु जात एकच.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील गेरसेकरांची कथा त्यानंतर मला वेगळीच दिसू लागली. स्मशानात राहणाऱ्या त्या भूतग्रस्ताला लोकांनी वेळोवेळी बेड्या घातल्या होत्या. तो किंचाळत असे, स्वतःला दगडांनी ठेचून घेत असे. लोकांना त्याची सवय झाली होती. प्रभूने त्याला बरे केले आणि लोक येऊन पाहतात तो, हा मनुष्य वस्त्र नेसून शुद्धीवर येऊन बसलेला. तेव्हा ते भ्याले असे शुभवर्तमान सांगते, आणि येशूने आपल्या प्रदेशातून निघून जावे म्हणून विनवू लागले. गावाला भूतग्रस्त हवा असतो. तो आहे तोवर सर्व अरिष्टांचे कारण गावाबाहेर स्मशानात आहे. तो बरा झाला की कारण शोधण्यासाठी आपापल्या घरात पाहावे लागते.

आणि प्रभू पुनरुत्थानाच्या दिवशी शिष्यांसमोर उभा राहिला तेव्हा त्यांनाही प्रथम वाटले की हे भूतच आहे. लूक तसे स्पष्ट लिहितो. त्यांचे भय साहजिक होते. ज्याला संकटकाळी टाकून आपण पळालो, तोच मरणानंतर परत आला आहे! लोककथेच्या न्यायाने त्याने सूड घ्यावयास हवा होता. त्याने काय केले? हातापायांवरचे घाव दाखविले आणि खावयास काही आहे काय असे विचारले. शिष्यांनी त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा दिला. घाव लपविले नाहीत, अपराध पुसून टाकला नाही. आणि तरीही तो त्यांच्याबरोबर जेवला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने परत यावे, हे लोककथेचे भय आहे. तो परत येऊन क्षमा करील, ही आपली आशा आहे. पण क्षमेपूर्वी घाव पाहावे लागतात. 'लपाछपी'सारखा चित्रपट एवढे काम निश्चित करतो की घाव कोठे आहे ते दाखवितो. क्षमा कोठून यायची हे सांगणे त्याचे काम नाही. ते आपले आहे.

तेव्हा त्या मुलाला माझे पुरते उत्तर असे : भुताचा चित्रपट पाहा, वयाला व मनाला झेपेल तेवढाच पाहा. परंतु तो संपल्यावर तुझे बोट कोणाकडे वळते ते तपास. बाहेर, अंधाराकडे, गावाच्या कडेला राहणाऱ्या म्हातारीकडे वळले, तर त्या चित्रपटाने तुझे अहित केले; मग तो कितीही निरुपद्रवी असो. ते आपल्या घराकडे, आपण दडपलेल्या गोष्टीकडे वळले, तर ती भीती तुला पापनिवेदनापर्यंतही आणून सोडील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "फादर, आमच्या मागच्या आळीत एक आजी राहते. आई आम्हांला तिच्या हातचं काही खाऊ देत नाही." मी विचारले, "तू काय करतोस?" तो म्हणाला, "मी पण खात नाही."

मंडईच्या पाहुण्यांची परतण्याची लगबग चालली होती. माझी बस दोन तासांनी होती. आम्ही दोघे मागच्या आळीकडे गेलो. आजी अंगणात धान पाखडीत बसली होती. तिने आम्हांला पाहून सूप खाली ठेवले, लगबगीने बाज टाकली आणि चहा करू का म्हणून विचारले. मी हो म्हटले. मुलाने माझ्याकडे पाहिले. चहा आला तेव्हा कप प्रथम त्याने उचलला.